कुंपणावरच्या मतदाराने प्रचारसभेला कसे जावे : अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आणि सभेआधीची, सभेतली व सभेनंतरची कामे

अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबांत निवडणुकीच्या वर्षी गणपती बसले की एक प्रश्न हमखास निघतो : अजून मत ठरलेले नाही, तर एकदा सभेला जाऊन पाहावे का? जरूर जावे, असे माझे उत्तर आहे. मात्र बहुतेक जण ज्या रीतीने जातात, तिच्यामुळे मत ठरवायला काहीही मदत होत नाही. एकाच उमेदवाराच्या सभेला, तेही अगदी शेवटच्या आठवड्यात आणि काहीही न वाचता जायचे, चार-पाच तास उभे राहायचे, गर्दीचे फोटो घेऊन परतायचे आणि त्याच रात्री भारावलेल्या मनाने निर्णय घेऊन टाकायचा, हा क्रमच चुकीचा आहे. पुढची निवडणूक मंगळवार, ७ नोव्हेंबर २०२८ रोजी आहे. खाली दिलेल्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्याव्यात, कारण पहिल्या तीन वगळल्या तर पुढच्यांचा उपयोग होत नाही.

१. आधी आपली पात्रता आणि नोंदणी निश्चित करा

सभेला कोणीही जाऊ शकतो. ग्रीन कार्डधारक (कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना असलेले), एच-वन-बी व्हिसावर काम करणारे, भारतातून भेटीला आलेले आई-बाबा, यांपैकी कोणालाही मज्जाव नाही. राष्ट्राध्यक्षपदासाठी मत मात्र केवळ नागरिकालाच देता येते आणि ग्रीन कार्डधारकाने मत दिले तर तो संघराज्याच्या कायद्याखाली गुन्हा ठरतो. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला स्पष्ट सांगून ठेवावी, कारण सभेच्या रांगेत कार्यकर्ते मतदार नोंदणीचे अर्ज घेऊन फिरत असतात आणि समोरच्या माणसाचे नागरिकत्व त्यांना ठाऊक नसते. त्यांच्या आग्रहाला बळी पडून भलत्याच माणसाने सही केली, तर त्याचे परिणाम पुढे स्थलांतराच्या प्रकरणात भोगावे लागतात.

नागरिक असाल तरी रांगेत अर्ज भरू नका. व्होट डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावरून आपल्या राज्याच्या पानावर जा आणि स्वतः नोंदणी करा. आधी केली असेल तर नाव, पत्ता आणि पक्षाची नोंद तपासा. मुदत राज्यागणिक वेगळी असते. पेनसिल्व्हेनियात ती मतदानाच्या १५ दिवस आधी संपते, न्यू जर्सीत २१ दिवस आधी, तर मिशिगन आणि विस्कॉन्सिन येथे मतदानाच्या दिवशीही नोंदणी करता येते. प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात, आणखी एक अडचण येते. पेनसिल्व्हेनियात ज्या पक्षाकडे आपली नोंद आहे, त्याच पक्षाच्या उमेदवारांमधून निवड करता येते; न्यू जर्सीत कोणत्याही पक्षाकडे नोंद नसलेला मतदार केंद्रावर गेल्यावर पक्ष निवडू शकतो. ‘अजून ठरले नाही’ म्हणून नोंद कोरी ठेवणाऱ्याला पेनसिल्व्हेनियात प्राथमिक फेरीत उमेदवार निवडताच येत नाही, आणि हे अनेकांना फार उशिरा कळते.

खबरदारी : ज्यांच्याकडे नागरिकत्वही नाही आणि ग्रीन कार्डही नाही, त्यांनी प्रचार समितीच्या अधिकृत विक्रीकेंद्रावरून टोपी किंवा टी-शर्टसुद्धा विकत घेऊ नये. अशा खरेदीची पूर्ण रक्कम उमेदवाराला दिलेली देणगी मानली जाते आणि परदेशी व्यक्तीच्या देणगीला कायद्याने बंदी आहे. बाबांना आठवण म्हणून टोपी हवी असेल, तर नागरिक असलेल्या मुलाने किंवा मुलीने ती स्वतःसाठी, स्वतःच्या पैशाने घ्यावी आणि बाबांच्या हातून पैसे देवविणे टाळावे.

२. सभा दोन निवडा, आणि वेळेवर निवडा

भारतात मतदान संपण्याच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो. अमेरिकेत तसा नियम नाही. उमेदवार आदल्या रात्रीपर्यंत सभा घेत असतात. दुसऱ्या बाजूला अनेक राज्यांत टपाली मतपत्रिका आणि मुदतपूर्व मतदान कित्येक आठवडे आधीच सुरू झालेले असते, आणि एकदा दिलेले मत बहुतेक ठिकाणी बदलता येत नाही. म्हणून सभा ऐकण्याची योग्य वेळ सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा मध्य ही आहे. दोन्ही प्रमुख उमेदवारांच्या सभांमध्ये दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त अंतर राहू देऊ नका. त्याहून जास्त अंतर पडले, तर दोघे वेगवेगळ्या बातम्यांवर बोलत असतात आणि तुलना होत नाही.

सभा कुठे होतात, हे मतदारसंख्येपेक्षा चुरशीवर ठरते. राज्यवार वाटलेल्या ५३८ निर्वाचक मतांपैकी २७० मिळवायची असतात आणि २०२४ मध्ये सगळी धावपळ ॲरिझोना, जॉर्जिया, मिशिगन, नेवाडा, नॉर्थ कॅरोलिना, पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिन या सात राज्यांत चालली होती. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या मराठी माणसाला त्यामुळे बहुधा नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात जावे लागेल. तिथे गेल्यावर एक भान ठेवावे : ते भाषण पेनसिल्व्हेनियाच्या मतदारासाठी बेतलेले असते. नैसर्गिक वायूचे उत्खनन आणि पोलाद यांवर अर्धा तास गेला, तर त्या उमेदवाराला दुसरे काही सुचत नाही, असा अर्थ त्यातून काढू नये.

प्रश्न विचारण्याची इच्छा असेल, तर सभा ही त्याची जागा नव्हे. त्यासाठी प्राथमिक फेरीच्या काळात न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यांत होणाऱ्या टाउन हॉल बैठका गाठाव्यात. तिथे शे-दोनशे माणसांत उमेदवार श्रोत्यांचे प्रश्न घेतात, आणि त्या राज्यात पक्षाची नोंद नसलेल्या मतदारालाही दोहोंपैकी एका पक्षाच्या प्राथमिक फेरीत मत देता येते. बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या मंडळींना हे सहज जमण्यासारखे आहे आणि तरी फार थोडे जण ते करतात.

३. प्रश्नांचा कागद घरीच तयार करा

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्या. निम्म्या पानावर आपल्याला खरोखर महत्त्वाचे वाटणारे तीन विषय लिहा. तीनच लिहा, दहा लिहिले तर सभेत एकाचाही माग ठेवता येत नाही. प्रत्येक विषयासमोर एकच प्रश्न लिहा, आणि तो असा असावा की त्याचे उत्तर मिळाले की नाही, हे नि:संदिग्धपणे सांगता येईल. ‘स्थलांतराबद्दल भूमिका काय?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण कोणतेही वाक्य त्याचे उत्तर म्हणून खपते. ‘रोजगारावर आधारित ग्रीन कार्डाची देशवार मर्यादा काढणाऱ्या विधेयकाला हा उमेदवार पाठिंबा देतो का?’ हा प्रश्न उपयोगी आहे.

त्यानंतर प्रत्येक प्रश्नापुढे लिहा की ती गोष्ट कोणाच्या हातात आहे. इथे तीन रकाने करावेत : राष्ट्राध्यक्षाच्या सहीने होणारे, काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) कायदा केल्याशिवाय न होणारे, आणि राज्याच्या किंवा गावपातळीच्या अखत्यारीतले. आपल्या लोकांच्या जिव्हाळ्याचेच उदाहरण घ्या. एच-वन-बीची वार्षिक मर्यादा ६५,००० आणि अमेरिकेतून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० ही काँग्रेसच्या कायद्याने ठरलेली आहे. ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा न देण्याचा नियमही कायद्यातच आहे. उमेदवाराने व्यासपीठावरून ‘पहिल्याच दिवशी ग्रीन कार्डांचा अनुशेष संपवीन’ असे म्हटले, तर ते त्याच्या एकट्याच्या सहीने होणारे नाही, हे ऐकतानाच कळले पाहिजे. सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहात, बहुतेक विधेयके पुढे सरकायला १०० पैकी ६० मते लागतात, हेही त्याच रकान्यात लिहून ठेवा. याउलट विभागप्रमुखांची आणि न्यायाधीशांची नावे सुचवणे, कार्यकारी आदेश काढणे, व्हिसाच्या अर्जांची छाननी किती कडक ठेवायची याची दिशा देणे, या गोष्टींत राष्ट्राध्यक्षाचा हात मोठा असतो. गर्भपाताचे कायदे २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रामुख्याने राज्यांकडे गेले आहेत; शाळा आणि पोलीस तर बव्हंशी स्थानिकच आहेत.

तपासा : कागदावरचा प्रत्येक प्रश्न दोन्ही उमेदवारांना जसाच्या तसा लागू होतो का? एखादा प्रश्न एकालाच अडचणीत आणणारा असेल, तर आपण कुंपणावर नाही, आपले मन आतून झुकलेले आहे. तो प्रश्न नव्याने लिहा.

४. नावनोंदणी करताना हात राखून माहिती द्या

प्रवेश बहुधा विनामूल्य असतो, पण आधी नाव नोंदवावे लागते. काही सभांना एका मोबाईल क्रमांकावर दोनच प्रवेशिका मिळतात आणि काही वेळा नेमके ठिकाण नोंदणीनंतरच कळवले जाते. प्रवेशिका हातात आली म्हणजे जागा राखली गेली, असे समजू नका. प्रथम येणाऱ्यास प्रथम प्रवेश, हाच नियम असतो.

अर्जात दिलेला फोन आणि ई-मेल यांवर पुढे महिनोन्महिने संदेश येतात. राजकीय फोन, विक्रीचे नकोसे फोन रोखणाऱ्या ‘डू नॉट कॉल’ या सरकारी यादीच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे त्या यादीत नाव असून उपयोग नाही. केवळ या कामासाठी वेगळा ई-मेल उघडावा आणि संदेश थांबवायचे असतील तर उत्तरात ‘स्टॉप’ लिहून पाठवावे. अर्जाच्या शेवटी देणगीचा पडदा येतो, तो सोडून द्या. ज्याचे मत ठरलेले नाही, त्याने पैसे देण्याचे कारण नाही, आणि एका उमेदवाराला दिलेली रक्कम २०० डॉलरांच्या वर गेली की देणाऱ्याचे नाव आणि नोकरीचे ठिकाण कोणालाही पाहता येईल अशा सरकारी नोंदीत जाते.

खबरदारी : महाराष्ट्र मंडळाच्या ई-मेल यादीवरून सभेचे निमंत्रण फिरवू नका आणि मंडळाच्या नावाचा फलक सभेत नेऊ नका. करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेल्या मंडळाला उमेदवाराच्या प्रचारात भाग घेण्यास मनाई आहे आणि त्यात मंडळाची करसवलत धोक्यात येऊ शकते. मित्रांना बोलवायचे तर स्वतःच्या नावाने बोलवावे.

५. काय न्यावे, काय गाडीतच ठेवावे

राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रमुख उमेदवारांना सीक्रेट सर्व्हिसचे संरक्षण असते, म्हणून झडती विमानतळासारखी होते. छत्री, सेल्फी स्टिक, पाठीवरची मोठी पिशवी, काचेची किंवा धातूची बाटली, लेझर पॉइंटर, स्प्रेचे डबे, काठीला लावलेले फलक, चाकू-कात्री यांना सर्वसाधारणपणे बंदी असते. नेमकी यादी प्रत्येक सभेच्या निमंत्रणासोबत येते, ती वाचावी. आपल्याकडची नेहमीची चूक म्हणजे स्टीलचा डबा आणि चहाचा थर्मास. दोन्ही दारावर अडवले जातात, परत गाडीपर्यंत चालत जावे लागते आणि रांगेतली जागा जाते. दशमी-चटणी गाडीतच उरकून घ्या.

जवळ ठेवायच्या वस्तू मोजक्याच आहेत : ओळखपत्र, पूर्ण चार्ज केलेला फोन, प्रश्नांचा कागद, साधे पेन, कानांत घालायचे बोळे आणि रोजची औषधे त्यांच्या मूळ बाटलीत. कपडे कोणत्याही उमेदवाराचे नाव, घोषणा किंवा ओळखीचा रंग नसलेले असावेत. सभा हा प्रचार समितीने जागा भाड्याने घेऊन केलेला खासगी कार्यक्रम असतो आणि विरोधी उमेदवाराचा टी-शर्ट घातलेल्या माणसाला ते बाहेर काढू शकतात.

हवामान किरकोळ समजू नका. जून २०२४ मध्ये फिनिक्सला डोनाल्ड ट्रम्प यांच्या कार्यक्रमाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या काही जणांना उन्हामुळे रुग्णालयात न्यावे लागले होते. २७ ऑक्टोबर २०२० रोजी ओमाहा येथे त्यांच्याच सभेनंतर बसगाड्या वेळेवर न पोहोचल्याने माणसे कडाक्याच्या थंडीत तासन्‌तास अडकली आणि काहींना उपचार घ्यावे लागले.

६. रांग, झडती आणि जागेची निवड

दारे भाषणाच्या कित्येक तास आधी उघडतात आणि रांग त्याहून आधी लागते. उमेदवार दिलेल्या वेळेवर येईलच, असे नाही. मधल्या मैदानात बसायला खुर्ची क्वचितच मिळते. सोबत सासू-सासरे किंवा आई-बाबा असतील, तर नोंदणी करतानाच अपंग आणि वृद्ध यांच्यासाठी राखलेल्या जागेची चौकशी करावी. ऐनवेळी मागितली तर ती भरलेली असते.

आत गेल्यावर व्यासपीठाच्या मागच्या पायऱ्यांवर बसायला कार्यकर्ते बोलावू लागले, तर नम्रपणे नकार द्या. ती माणसे सर्वकाळ कॅमेऱ्यात दिसतात, त्यांच्या हातात छापील फलक दिला जातो आणि टाळ्या न वाजवणारा चेहरा तिथे खटकतो. तिथे बसून कागदावर टिपणे घेता येत नाहीत. आत येणे म्हणजेच चित्रीकरणाला संमती, अशी अट प्रवेशिकेवर बहुधा असते, हेही लक्षात ठेवा. बाजूच्या किंवा मागच्या भागात, बाहेर पडण्याच्या दाराची दिशा दिसेल अशी जागा घ्यावी. १३ जुलै २०२४ रोजी पेनसिल्व्हेनियातील बटलर येथे सभेत गोळीबार होऊन एक श्रोता मरण पावला आणि दोघे गंभीर जखमी झाले. तेव्हापासून बंदोबस्त वाढला आहे, तरीही आपल्या माणसांनी चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे, ती जागा आत शिरण्याआधी ठरवून ठेवावी. फोनचे जाळे हजारो माणसांत कोलमडते.

७. ऐकताना टिपण कसे घ्यावे

प्रार्थना, निष्ठेची शपथ आणि राष्ट्रगीत झाल्यावर स्थानिक नेते बोलतात. श्रोते या वेळात पाणी आणायला जातात; तुम्ही जाऊ नका. सिनेटचा आणि प्रतिनिधीगृहाचा उमेदवार याच वेळी बोलतो आणि तुमच्या दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टींवर मतदान करणारा तोच असतो.

मुख्य भाषण सुरू झाले की प्रत्येक ठोस वाक्यापुढे एक खूण करा : आश्वासन असेल तर ‘आ’, आकडा असेल तर ‘अं’, प्रतिस्पर्ध्यावर आरोप असेल तर ‘रो’. आश्वासनापुढे त्यात काय, केव्हा आणि कोणत्या मार्गाने हे तीन भाग आले का, ते पाहा. ‘औषधांच्या किमती खाली आणू’ या वाक्यात फक्त पहिला भाग आहे. समोर एक टिंब द्या. ‘मेडिकेअरला (वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याला) अमुक औषधांच्या किमतींवर वाटाघाटी करू देणारे विधेयक पहिल्या वर्षी मांडू’ यात तिन्ही आहेत. तीन टिंबे द्या. शेवटी आपल्या तीन प्रश्नांपैकी कोणत्याला उत्तर मिळाले आणि कोणता विषय निघालाच नाही, ते लिहा. न निघालेल्या विषयाची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती टीव्हीवरच्या दोन मिनिटांच्या तुकड्यातून कधीच मिळत नाही.

टाळ्या कोणत्या वाक्याला पडल्या, हेही कडेला लिहावे, पण त्याला पुरावा मानू नये. ४ नोव्हेंबर २०१२ रोजी रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांनी पेनसिल्व्हेनियातील यार्डली येथे प्रचंड सभा घेतली आणि दोन दिवसांनी ते राज्य ओबामांकडे गेले. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी वॉशिंग्टनच्या एलिप्स मैदानावर डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांच्या सभेला अफाट गर्दी लोटली होती आणि आठवड्याभरात त्या निवडणूक हरल्या. कलावंतांच्या नावावरही जाऊ नका : ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्यूस्टनला हॅरिस यांच्या सभेत गायिका बियॉन्से आल्या, बोलल्या आणि गाणे न गाता गेल्या.

खबरदारी : मनाविरुद्ध काही ऐकले तरी मध्येच ओरडून प्रश्न विचारू नका. सीक्रेट सर्व्हिसच्या बंदोबस्तातल्या जागेत गोंधळ घालणे हा गुन्हा ठरू शकतो. शेजारच्या श्रोत्याशी वाद घालण्यापेक्षा तो इथे का आला, हे विचारा आणि ऐका.

८. बाहेर पडताना कशावरही सही करू नका

दाराशी कार्यकर्ते ‘मी मत देणार’ अशी कार्डे भरून घेतात, आणि मुदतपूर्व मतदान सुरू असेल तर काही ठिकाणी थेट केंद्राकडे नेण्याची सोयही केलेली असते. दोन्हीला नाही म्हणा. हवे असेल तर प्रचार कार्यालयाचा पत्ता घ्या. ज्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तो तिथे लेखी देता येतो.

९. दोन रात्री जाऊ द्या, मग पडताळा

सभेचे संपूर्ण, न कापलेले चित्रण पुष्कळदा सी-स्पॅन वाहिनीवर मिळते. आपल्या टिपणातील पाच वाक्ये त्यावरून शब्दशः जुळवून घ्या. प्रत्यक्ष ऐकलेले आणि बोललेले यांत बराच फरक सापडतो. मग बेरोजगारी आणि महागाईचे आकडे श्रम सांख्यिकी विभागाच्या संकेतस्थळावर, खर्चाचे अंदाज काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाकडे आणि विधेयकांची स्थिती काँग्रेसच्या संकेतस्थळावर पाहावी. आरोपांसाठी फॅक्टचेक आणि पॉलिटिफॅक्ट यांचे लेख दोन्हीकडून वाचावेत. व्हॉट्सॲपच्या गटात आलेला सभेचा तुकडा पडताळणीत धरू नये.

दुसऱ्या उमेदवाराच्या सभेसाठी पायरी ४ पासून हेच सर्व पुन्हा करा, त्याच प्रश्नांच्या कागदाची कोरी प्रत घेऊन. पहिल्या सभेचे टिपण तोवर घरी ठेवावे. दोन्ही कागद शेजारी मांडल्यावर तिन्ही प्रश्नांत एकच उमेदवार पुढे असेल, असे क्वचितच घडते. तेव्हा तिन्हींपैकी कोणता प्रश्न राष्ट्राध्यक्षाच्या सहीच्या रकान्यात आहे, ते पाहून त्याला जास्त वजन द्यावे, असे माझे मत आहे.

१०. मतपत्रिका भरताना

काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) संकेतस्थळावरून नमुना मतपत्रिका उतरवून घ्या, कारण राष्ट्राध्यक्षाखेरीज त्यावर आणखी बरीच पदे असतात. केंद्रावर जाणार असाल, तर सभेतली टोपी, बिल्ला किंवा टी-शर्ट घरी ठेवा; अनेक राज्यांत उमेदवाराच्या नावाचे कपडे घालून केंद्रात जाता येत नाही. भरलेल्या मतपत्रिकेचा फोटो काढण्यासही काही राज्यांत मनाई आहे.

टपालाने मत देणार असाल आणि राज्य पेनसिल्व्हेनिया असेल, तर मतपत्रिका आधी आतल्या गोपनीयतेच्या लिफाफ्यात घाला, मग बाहेरच्या लिफाफ्यावर सही आणि तारीख घाला. आतला लिफाफा राहिला तर मत बाद होते. लिफाफा मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आत काउंटीच्या कार्यालयात पोहोचलेला असावा लागतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात तो टपालपेटीत न टाकता स्वतः नेऊन द्यावा.